घरी बांधलेले विमान आणि काचेचे पडदे : निगा व दोषशोधन

मुंबईच्या उपनगरांत इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या असतात, उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत असतात. कांदिवलीच्या चारकोपमधील एका निवासी इमारतीच्या गच्चीवर मात्र चक्क विमान आकाराला आले. त्या वेळी जेट एअरवेजमध्ये वैमानिक असलेले कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले हे सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली, उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी उड्डाणे झाली.

अशा विमानाच्या बाबतीत कौतुक होते ते पंखांचे, इंजिनाचे आणि बांधणाऱ्याच्या जिद्दीचे. विमान उडू लागल्यानंतर मात्र एका वेगळ्याच कामाला सुरुवात होते. ते काम म्हणजे वैमानिकासमोरच्या उपकरणांची निगा. या शतकाच्या सुरुवातीपासून जगभरातील घरी बांधलेल्या विमानांत काट्यांच्या तबकड्यांची जागा इलेक्ट्रॉनिक पडद्यांनी घ्यायला सुरुवात केली. प्रवासी विमानांत असणारी ही सोय त्यामुळे छोट्या विमानांच्या आवाक्यात आली. तिच्यासोबत जबाबदारीही आली. कारखान्यात तयार झालेल्या विमानाचा तारांचा नकाशा त्याच जातीच्या शेकडो विमानांना लागू पडतो. घरी बांधलेल्या विमानाचा नकाशा केवळ एकाच विमानाचा असतो. बांधणाऱ्याने तो कागदावर काढून ठेवला नसेल, तर बिघाड शोधणाऱ्याला कुणाचाही आधार राहत नाही.

वांद्र्याच्या समुद्रातील धडा

उपकरणाचा बिघाड म्हणजे काय, याची आठवण मुंबईने फार मोठी किंमत देऊन जपली आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईकडे निघाले. उड्डाणानंतर समुद्रावर येताच विमानाने उजवीकडे वळण घेतले आणि ते पुन्हा सरळ झाले. परंतु कॅप्टनसमोरचे क्षितिजदर्शक उपकरण विमान अजून उजवीकडेच कललेले असल्याचे दाखवत राहिले. बाहेर काळोख होता आणि समुद्रावर क्षितिजाची रेषा दिसण्याचा प्रश्नच नव्हता. कॅप्टनने विमान डावीकडे कलते केले. सरळ असलेले विमान त्यामुळे डावीकडे कलतच गेले आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले.

ते उपकरण आजच्यासारखे इलेक्ट्रॉनिक पडद्याचे नव्हते. तरीही त्या दुर्घटनेतून निघणारे तत्त्व आजच्या पडद्यालाही तंतोतंत लागू पडते. बंद पडलेले उपकरण धोक्याचे असतेच. परंतु चालू राहून खोटे सांगणारे उपकरण त्याहून अधिक धोक्याचे असते. म्हणूनच पडद्याची निगा राखणाऱ्याने 'पडदा चालतो का' एवढ्यावर थांबून भागत नाही. 'पडदा खरे सांगतो का' हेही त्याला वारंवार तपासावे लागते.

काचेमागची साखळी

पारंपरिक विमानात वैमानिकासमोर सहा मूलभूत उपकरणे असतात : वेगदर्शक, उंचीमापक, चढ-उतार दर्शक, क्षितिजदर्शक, दिशादर्शक आणि वळणदर्शक. पहिली तीन हवेच्या दाबावर आणि नंतरची तीन गरगर फिरणाऱ्या जायरोस्कोपच्या भोवऱ्यावर चालतात. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत ही सहाही एका काचेवर एकत्र येतात. पडद्याला स्वतःला मात्र यांपैकी काहीच कळत नसते. मागे बसलेल्या वेगवेगळ्या पेट्या आणि सेन्सर जे सांगतील ते चित्ररूपाने दाखवणे एवढेच त्याचे काम.

हवेच्या दाबाची माहिती पंखाखालील पिटो नळी आणि विमानाच्या अंगावरील बारीक 'स्टॅटिक' छिद्रे यांच्यातून येते. विमानाचा कल इलेक्ट्रॉनिक चिपवरील सूक्ष्म जायरो आणि प्रवेगमापक सांगतात. दिशा सांगण्यासाठी चुंबकीय सेन्सर, स्थान सांगण्यासाठी जीपीएस आणि इंजिनाचे तापमान, दाब व इंधन सांगण्यासाठी आणखी एक पेटी असते. या सर्वांना वीज बॅटरी आणि अल्टरनेटरकडून मिळते. पडदा हा या साखळीतील शेवटचा दुवा होय. बिघाड दिसतो तो पडद्यावर. परंतु त्याचे मूळ बहुधा एखादी सैल पिन, चिरलेली रबरी नळी किंवा गंजलेले अर्थिंग यांपैकी कशात तरी सापडते. महागडा पडदा खोलण्यापूर्वी स्वस्त तार तपासावी, हा या क्षेत्रातील पहिला नियम आहे.

पडदा विझतो तेव्हा

पडदा काळा पडणे किंवा मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होणे, हा बिघाड वरवर भीतिदायक वाटतो. शोधायला मात्र तो तुलनेने सोपा असतो. १२ व्होल्टची, पूर्ण भारित आणि विश्रांतीत असलेली शिशाची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू असताना हाच आकडा साधारणपणे १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असायला हवा. इंजिन सुरू करतेवेळी स्टार्टर इतकी वीज ओढतो की काही क्षण दाब १० व्होल्टच्याही खाली जाऊ शकतो. त्या क्षणी पडदा बंद होत असेल, तर बॅटरी दुबळी झाली आहे किंवा आधार बॅटरीने काम केलेले नाही, असे समजावे.

दाब कमी मिळत असूनही मल्टिमीटर 'सर्व ठीक' सांगतो, असा अनुभव अनेकदा येतो. तारेतील बहुतेक धागे तुटून एकच उरला असला, तरी भार नसताना मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसते. म्हणून यंत्रणा चालू ठेवूनच मोजणी करावी. बॅटरीच्या धन टोकापासून पडद्याच्या पिनपर्यंत आणि पडद्याच्या ऋण पिनपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत दाब किती घटतो, हे वेगवेगळे पाहावे. स्विच, फ्यूज, ब्रेकर आणि अर्थिंगचा बोल्ट अशा प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटर लावत गेले, की दोषी जोड आपोआप पुढे येतो. अर्थिंगच्या बोल्टखाली रंग किंवा गंज असणे हे या तक्रारीचे नेहमीचे कारण आहे.

आधार बॅटरीची परीक्षा वर्षातून एकदा तरी घ्यावी. मुख्य वीज बंद करून पडदा आधार बॅटरीवर किती वेळ चालतो, हे घड्याळ लावून पाहावे. उत्पादकाने सांगितलेल्या वेळेपेक्षा तो कमी भरला, तर बॅटरी बदलावी.

लाल फुली

एखाद्या आकड्याच्या जागी लाल फुली उमटली, तर वैमानिकाने यंत्रणेचे आभारच मानायला हवेत. आपल्याला माहिती मिळत नाही, हे तिने प्रामाणिकपणे कबूल केलेले असते. फुली एकाच आकड्यावर असेल, तर दोष त्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या तारेत असतो. एकाच पेटीकडून येणाऱ्या सर्व आकड्यांवर असेल, तर त्या पेटीची वीज किंवा तिचा संपर्क तुटलेला असतो.

अनेक यंत्रणांत या पेट्या परस्परांत पीळ दिलेल्या दोन तारांवरून बोलतात. 'कॅन बस' नावाची ही पद्धत मोटारींमध्येही असल्याने गॅरेजमधील वायरमनलाही ती परिचित असते. या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. वीज बंद करून दोन तारांमध्ये मीटर लावल्यास सुमारे ६० ओहम दिसावेत. १२० दिसल्यास एका टोकाचा रोधक निसटलेला किंवा वाटेत तार तुटलेली असते. ४० दिसल्यास चुकून तिसरा रोधक बसवलेला असतो. दोन मिनिटांची ही मोजणी केली, तर पेटी दुरुस्तीसाठी परदेशी पाठवण्याचे कित्येक आठवडे वाचू शकतात.

खरा वाटणारा खोटा आकडा

सर्वांत कठीण बिघाड फुली दाखवत नाही. तो पटण्याजोगा, परंतु चुकीचा आकडा दाखवतो. याचे मूळ पुष्कळदा हवेच्या नळ्यांमध्ये असते.

भिंतीवर मातीची घरटी करणारी कुंभारीण उपनगरातील घरांतही दिसते. उघड्या पिटो नळीचे तोंड तिच्या दृष्टीने घरट्याची तयार जागाच. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातून निघालेले बर्गेनएअरचे बोइंग ७५७ समुद्रात कोसळून १८९ जण दगावले. बहुधा अशाच कीटकाच्या घरट्याने पिटो नळी बुजली असावी, असा तपासाचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पेरूमध्ये एरोपेरूचे बोइंग ७५७ पडले आणि ७० जणांचा मृत्यू झाला. विमान धुताना स्टॅटिक छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहून गेली होती. विमाने अवाढव्य होती. कारणे मात्र घरातल्या वस्तूंइतकी क्षुल्लक होती.

नळी कुठे बुजली आहे, हे आकड्यांच्या वागण्यावरून ओळखता येते. पिटो नळीचे तोंड आणि पाणी निथळण्याचे छिद्र ही दोन्ही बंद झाली, तर आत कोंडलेल्या हवेमुळे वेगदर्शक उंचीमापकासारखा वागू लागतो : विमान चढताना वेग वाढल्याचे आणि उतरताना घटल्याचे दाखवतो. तोंड बंद होऊन निथळछिद्र उघडे राहिले, तर वेग शून्याकडे जातो. स्टॅटिक छिद्रे बंद झाली, तर उंची जागच्या जागी गोठते, चढ-उतार दर्शक शून्यावर राहतो आणि चढताना वेग प्रत्यक्षाहून कमी दिसतो. आणखी एक बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अनेक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा कल ठरवतानाही हवेतील वेगाचा आधार घेतात. त्यामुळे पडद्यावरचे क्षितिज उगाचच कलू लागले, तर जायरोला दोष देण्यापूर्वी पिटो नळी तपासावी. ज्या पेटीत जायरो आहेत तिचे स्क्रू सैल झाले असतील, तरीही हाच त्रास होतो.

पाण्याच्या नळीची परीक्षा

वेगदर्शक तपासण्यासाठी महागडे यंत्र उपलब्ध नसेल, तर पारदर्शक नळी, पाणी आणि मोजपट्टी यांवर प्राथमिक परीक्षा होऊ शकते. नळीला इंग्रजी 'यू' अक्षराचा आकार देऊन ती अर्धी भरावी. एक टोक पिटो नळीला घट्ट जोडावे आणि दुसरी बाजू अगदी सावकाश वर उचलावी. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत सुमारे १६.६ सेंटिमीटरचा फरक झाला, की पडद्यावर १०० नॉट दिसायला हवेत. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे ५० नॉटसाठी हाच फरक जेमतेम ४ सेंटिमीटर भरतो. नळी त्याच जागी मिनिटभर धरून ठेवावी; आकडा घसरत गेला तर कुठेतरी गळती आहे.

या परीक्षेत तीन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. पाणी पिटो नळीत शिरू देऊ नये. तोंडाने फुंकू किंवा हवा ओढू नये. तोंडाचा दाब नाजूक सेन्सरला पेलण्यापलीकडचा असतो. निथळछिद्रावर पट्टी लावली असेल, तर ती भडक रंगाची असावी आणि काढल्याची नोंद लॉगबुकात करावी. एरोपेरूची कथा याच ठिकाणी घडते.

स्टॅटिक बाजूच्या गळतीसाठी अमेरिकेतील नियम उपयुक्त मापदंड ठरतो. दाबाचे कवच नसलेल्या छोट्या विमानात उंचीमापक १,००० फूट अधिक दाखवेल इतकी हवा काढून घेतल्यानंतर एका मिनिटात १०० फुटांहून अधिक घसरण होता कामा नये. ही चाचणी मात्र योग्य उपकरण असलेल्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. रोजच्या वापरात सोपी पडताळणी अशी : विमानतळाने दिलेला हवेचा दाब उंचीमापकात भरावा आणि दिसणारी उंची धावपट्टीच्या उंचीशी ताडून पाहावी. समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलच्या चुकीने सुमारे २७ फुटांचा फरक पडतो. ७५ फुटांहून अधिक तफावत असल्यास कारण सापडेपर्यंत उड्डाण टाळावे.

दिशा आणि तापमान

चुंबकीय सेन्सर हा लोखंडाचा आणि विजेच्या प्रवाहाचा वैरी. त्याच्याजवळ साधा लोखंडी स्क्रू बसवला तरी दिशा चुकते. विमान जमिनीवर स्थिर ठेवून दिवे, पिटो हीटर, रेडिओ ही उपकरणे एकेक करून सुरू करावीत आणि पडद्यावरची दिशा हलते का, ते पाहावे. एखाद्या स्विचबरोबर दिशा हलली, तर त्याची तार सेन्सरजवळून जात असते. ती दूर हलवावी किंवा जाणारी व परतणारी तार एकमेकींत पिळावी. त्यानंतर उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे विमान फिरवून सेन्सरचे अंशांकन करावे. जीपीएस विमान जमिनीवरून कोणत्या दिशेने सरकते ते सांगतो. नाक कुठे आहे ते सांगत नाही. आडव्या वाऱ्यात या दोहोंतील फरकाला बिघाड समजू नये.

इंजिनाचे तापमान मोजणारे थर्मोकपल दोन भिन्न धातूंच्या तारांचे बनलेले असते. त्यात साध्या तांब्याच्या तारेचा जोड दिला, की आकडा चुकतो. दोन तारा उलट जोडल्या गेल्या, तर इंजिन तापताना तापमान उतरताना दिसते. एकाच सिलिंडरचा आकडा संशयास्पद असेल, तर शेजारच्या सिलिंडरशी तारांची अदलाबदल करावी. चुकीचा आकडा सेन्सरबरोबर दुसरीकडे गेला तर सेन्सर दोषी. जागेवरच राहिला तर पुढची तार किंवा पेटी दोषी. सर्वच आकडे दिवा लावताच एकदम सरकले, तर दिव्याचे आणि सेन्सरचे अर्थिंग एकच असते. सेन्सरचे अर्थिंग उत्पादकाने सांगितलेल्या एकाच बिंदूवर आणावे.

कोकणपट्टीची हवा

मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलसर असते आणि समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते. विमान या काळात हलवले नाही, तरी कनेक्टरच्या पिना काळवंडतात आणि 'कधी चालते, कधी नाही' अशी तक्रार सुरू होते. कलई केलेल्या तांब्याची, टेफझेल आवरणाची विमानासाठीची तार वापरावी. पिना योग्य हत्याराने दाबून बसवाव्यात आणि तारेला ताण बसू नये म्हणून कनेक्टरजवळ बांध द्यावा. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या उड्डाणाआधी प्रत्येक कनेक्टर एकदा सोडवून पाहावा. पिटो नळीवर 'उड्डाणापूर्वी काढा' असे लिहिलेले, लांब लाल फीत असलेले टोपण नेहमी असावे.

उन्हाळ्याची तऱ्हा वेगळी. उन्हात उभ्या विमानाच्या बंद कॉकपिटमध्ये पडदा तापून मंद होतो किंवा स्वतःहून बंद पडतो. पडद्यामागच्या पंख्याची जाळी धुळीने भरलेली नाही ना, हे पाहावे आणि काचेवर कापडी झाकण घालावे. काच पुसण्यासाठी अमोनिया असलेली घरगुती द्रावणे वापरू नयेत. त्यांनी चकाकी रोखणारा थर खराब होतो. मऊ कापड आणि उत्पादकाने मान्य केलेले द्रावण पुरेसे असते.

सॉफ्टवेअर आणि नोंदवही

नवे सॉफ्टवेअर भरण्याआधी जुनी सर्व मांडणी वेगळ्या कार्डावर जतन करावी. सर्व पेट्यांतील सॉफ्टवेअर परस्परांशी जुळणाऱ्या आवृत्तीचे असावे. एक पेटी मागे राहिली, तर लाल फुली उमटू शकते. नवे सॉफ्टवेअर भरल्यावर वेगमर्यादा, इंधनाचे अंशांकन आणि धोक्याच्या सूचना पूर्ववत आहेत ना, हे एकेक करून पाहावे. विमानतळ आणि हवाई मार्गांची माहिती जगभर २८ दिवसांच्या चक्राने बदलते. जुनी माहिती असलेला नकाशा सुंदर दिसतो म्हणून बरोबर असतो असे नाही.

दोषशोधनात एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. बिघाड कधी दिसला, इंजिन चालू होते का, कोणते स्विच सुरू होते, हवा कशी होती, हे सर्व नोंदवावे. पडद्याने साठवलेल्या उड्डाणाच्या नोंदीही उतरवून घ्याव्यात. तीन गोष्टी एकदम बदलून बिघाड गेला, तर तो कशाने गेला हे कळत नाही आणि परत आला की शोध पहिल्यापासून सुरू होतो. काम कोणी करायचे आणि कोणी तपासून सही करायची, हे संबंधित विमानाच्या परवानगीतील अटींनुसार ठरते. अमेरिकेत विमान बांधणाऱ्याला स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याचे प्रमाणपत्र मिळू शकते. भारतात महासंचालनालयाने घातलेल्या अटीच अंतिम मानाव्या लागतात.

हवेत असताना

आकाशात दोषशोधन करायचे नसते. मुख्य पडद्याशी काहीही संबंध नसलेले एक तरी उपकरण विमानात असावे, ज्याची वीज वेगळी असेल आणि शक्य असल्यास हवेची नळीही वेगळी असेल. दोन पडदे एकाच पेटीकडून माहिती घेत असतील, तर ते दोन साक्षीदार नसतात. एकाच साक्षीदाराचे ते दोन फोटो असतात. आकडे परस्परांशी जुळेनासे झाले, तर तिसऱ्या उपकरणाचा कौल घ्यावा. इंजिनाची ठरलेली शक्ती आणि नाकाचा ठरलेला कोन राखावा, ढगांपासून दूर राहून बाहेरच्या क्षितिजाकडे पाहावे आणि जवळच्या धावपट्टीवर उतरावे. शक्ती आणि कोन यांची प्रत्येक टप्प्यासाठीची जोडी आधीच कागदावर लिहून कॉकपिटमध्ये ठेवलेली असावी.

'सम्राट अशोक'च्या कॉकपिटमध्ये सहवैमानिकासमोर दुसरे क्षितिजदर्शक होते आणि आधाराचे तिसरेही होते. तपासात ठपका बिघडलेल्या उपकरणाबरोबरच उरलेल्या उपकरणांचा उपयोग न होण्यावरही ठेवला गेला. घरी बांधलेल्या विमानात मालक, तारा जोडणारा, तपासणारा आणि उडवणारा बहुधा एकच माणूस असतो. उड्डाणापूर्वी आधाराच्या उपकरणाकडे एकदा नजर टाकून ते पडद्याशी जुळते का, हे पाहायला त्याला दहा सेकंद लागतात. ते जुळत नसेल, तर विमान त्या दिवशी जमिनीवरच ठेवावे.